बारनिशी

कागदाला लावलेली स्टेपलची पिन काढायची एक रीत असते. घाईने ओढली की कोपरा फाटतो, आणि फाटका कोपरा स्कॅनरच्या रोलरमध्ये अडकला की मागची पंधरा-वीस पानं त्याच्यावर चढतात. म्हणून आधी कागद उलटा करायचा, पिनेचे दोन्ही पाय पातळ पात्याने उचलून सरळ करायचे, मग पुढच्या बाजूने ती अलगद सोडवायची. मेरिलँडमधल्या लॉरेल गावी आमचं गोदाम आहे. तिथे लांब टेबलांशी बसून सहा जणी दिवसभर हेच करतात. त्यांच्यातली सगळ्यात जुनी अडिस अबाबाहून आलेली आहे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. या कामाने तिच्या उजव्या अंगठ्याला घट्टा पडलाय. एका खोक्यात दोन ते अडीच हजार पानं असतात. स्कॅनर मिनिटाला शंभरावर पानं ओढतो, पण ती त्याच्या तोंडी देण्याजोगी करायला माणसाचाच हात लागतो. पिना, क्लिपा, चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ कागदावरच्या कार्बन कॉप्या, चाळीस वर्षांपूर्वी लावलेली आणि आता तपकिरी पडलेली चिकटपट्टी.

हे कागद अमेरिकेच्या केंद्र सरकारचे, इथल्या बोलीत फेडरल गव्हर्नमेंटचे. एका कार्यालयाच्या जुन्या फायली स्कॅन करून, प्रत्येक पानाला नाव-नंबर देऊन परत करायचं कंत्राट आमच्या छोट्या कंपनीकडे २०१८ पासून आहे. पाच वर्षांनी ते पुन्हा स्पर्धेला निघालं आणि पुन्हा आम्हालाच मिळालं. भारतातून पाहुणे आले की हमखास विचारतात, "अमेरिकन सरकारचं टेंडर म्हणजे आत कुणाची तरी ओळख लागत असेल ना?" चहा संपेपर्यंत त्याचं उत्तर कधीच सांगून होत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

माझे बाबा सातारच्या कलेक्टर कचेरीत अव्वल कारकून होते. लहानपणी मी शनिवारी त्यांचा डबा घेऊन जायची, तेव्हा रेकॉर्ड रूममधले लाल फडक्यात गाठ मारून बांधलेले रुमाल पाहिलेत. पुण्याला पेशवे दफ्तरातही कागद असेच रुमालांत बांधून ठेवलेत हे पुढे कॉलेजात कळलं, आणि बाबांच्या खोलीचा मान माझ्या मनात एकदम वाढला. दाराशी एका टेबलावर बारनिशीची जाडजूड वही असायची. कचेरीत आलेला प्रत्येक कागद आधी तिच्यात चढायचा, त्याला आवक क्रमांक पडायचा, आणि मगच तो आत जायचा. बाबा सांगायचे, "साहेबांना तोंडी सांगितलेलं साहेब विसरले तर त्यांचा दोष नाही. पण बारनिशीत चढलेला कागद कुणालाच विसरता येत नाही."

सातारा सोडून मला तीस वर्षं होत आली. पाहुण्यांच्या प्रश्नाला माझं जे उत्तर आहे ते मात्र त्या वहीतूनच आलंय. सरकार वाचतं. तुम्ही कोण, किती हुशार, किती कष्टाळू, हे त्याला बघून कळत नाही. जे लिहून त्याच्यापुढे ठेवलं तेवढंच त्याला दिसतं, आणि लिहिलेलं खरं निघालं तरच ते पुन्हा वाचायला बसतं. टेंडर जिंकणं आणि टिकवणं या दोन्हींचा जीव मला इथेच सापडला. पण सापडायला बरीच वर्षं गेली.

२०१३ साली मी वकिलांच्या फर्मसाठी कागद स्कॅन करणाऱ्या एका कंपनीतली नोकरी सोडली आणि स्वतःची कंपनी काढली. सरकारला काहीही विकायचं तर आधी 'सॅम' नावाच्या सरकारी यादीत नोंदणी करावी लागते, आणि ती दरवर्षी नव्याने करावी लागते. नोंदणी पूर्णपणे फुकट आहे. पण यादीत नाव चढलं की ते जगाला दिसतं, आणि दुसऱ्याच दिवसापासून फोन सुरू होतात: तुमची नोंदणी अर्धवट आहे, एवढे डॉलर भरा, आम्ही पूर्ण करून देतो. बोलण्याचा बाज असा, की सरकारी कचेरीतूनच फोन आलाय असं वाटावं. मी घाबरून पैसे भरले होते. नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्यांदा सांगते, कारण त्या वर्षी ती रक्कम म्हणजे आमच्या घरच्या दोन महिन्यांच्या किराण्याएवढी होती.

मग टेंडरं भरायला लागले. इथे त्याला प्रपोजल म्हणतात. सरकारचा मागणीचा दस्तऐवज शंभर-दीडशे पानांचा असतो, आणि त्याला ए पासून एम पर्यंत विभाग पाडलेले असतात. सी विभागात काम काय ते. एल विभागात उत्तर कसं लिहायचं ते: किती पानं, कोणता टाइप, समास केवढा. एम विभागात गुण कशाला ते. पानांची मर्यादा पंचवीस असेल तर सव्विसावं पान कुणी उघडत नाही. मुदत दुपारी दोनची असेल तर दोन वाजून एक मिनिटाला आलेलं प्रपोजल बाजूला पडतं, मग तुमची ईमेल वाटेत कुठे का अडकलेली असेना. हे ऐकून पाहुणे म्हणतात, काय हा कोरडेपणा! मला त्यात आधार वाटतो. ज्या गावात आपल्याला कुणी ओळखत नाही, तिथे सगळ्यांना सारखा लागू होणारा कोरडा नियम हाच आपला पाठीराखा.

पहिली तीन वर्षं मी एल विभाग अक्षरशः पाळला, एम विभाग नुसता वाचला, आणि हरत राहिले. एकूण अकरा प्रपोजलं गेली. दिवसा वकिलांचं काम, रात्री जेवणाच्या टेबलावर प्रपोजल, नवरा मुलीचा अभ्यास घेतोय, आणि निकालाच्या दिवशी दोन ओळींची ईमेल. हरल्यावर तीन दिवसांच्या आत लेखी मागणी केली तर काही प्रकारच्या निविदांत सरकारला तुम्हाला कारणं सांगावी लागतात. त्याला डिब्रीफिंग म्हणतात. हे मला अकराव्या वेळी कळलं.

फोनवर एक कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसर, म्हणजे सरकारच्या वतीने करार करणाऱ्या अधिकारी, होत्या. आवाज थकलेला, पण शांत. त्या म्हणाल्या, "तुमच्या अकराव्या पानावर लिहिलंय की तुमच्या कामाची गुणवत्ता अतिशय उच्च आहे. त्यानंतर ती उच्च आहे हे मला कशावरून कळावं, ते मी शोधत राहिले. मला सापडलं नाही." मी लगेच सांगायला लागले: आम्ही प्रत्येक पान पडद्यावर बघतो, वाकडं आलेलं पुन्हा घेतो, खोक्यावर दोघांच्या सह्या असतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे आता सांगताय तेच लिहिलं असतंत तर मला त्याला गुण देता आले असते. जे लिहिलेलं नाही त्याला मी गुण देऊ शकत नाही."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होते. बाबांची वही आठवली. ज्या बाईंनी माझं प्रपोजल वाचलं त्यांच्यापुढे तसली आणखी पंधरा असणार, प्रत्येकात उच्च गुणवत्ता असणार, आणि आपण कुणाला का निवडलं हे त्यांना स्वतःच्या सहीने फाईलवर लिहावं लागणार. त्यांना लिहिता येईल असं एकही वाक्य मी त्यांच्या हातात दिलं नव्हतं. त्या दिवसापासून मी प्रपोजलमधली विशेषणं काढून टाकली. 'अनुभवी कर्मचारी' खोडून 'सहा कर्मचारी, सरासरी सात वर्षं हेच काम' असं लिहायला लागले.

दुसरी गोष्ट एका काकांनी शिकवली. वॉशिंग्टन भागातल्या मराठी गणपतीत त्यांची ओळख झाली. संरक्षण खात्याच्या कंत्राटांत त्यांचा जन्म गेलेला. मोदक हातात घेऊन त्यांनी विचारलं, "सोर्सेस सॉटला उत्तर देतेस का?" मी नाही म्हणाले. टेंडर काढण्याआधी सरकार कधी कधी नुसतं विचारतं, हे काम करणारं बाजारात कोण कोण आहे? त्यात काही मिळायचं नसतं, म्हणून मी ते कागद बाजूला ठेवायची. काका म्हणाले, "अगं, तिथेच तर सगळं ठरतं." नियम असा, की योग्य भावात काम करू शकणाऱ्या किमान दोन लहान कंपन्या आहेत असं अधिकाऱ्याला वाटलं, तर ते काम लहान कंपन्यांसाठी राखून ठेवावं लागतं. कुणीच उत्तर दिलं नाही तर फाईलवर तशी नोंद होते आणि काम मोठ्यांच्या हाती जातं. पाच पानांचं ते उत्तर म्हणजे आपण अस्तित्वात आहोत याची नोंद. टेंडर निघण्याआधी अधिकाऱ्याला भेटताही येतं, सरळ, राजरोस. एकदा का ते निघालं की मग फक्त लेखी प्रश्न, आणि त्याची उत्तरं सगळ्यांना एकाच वेळी दिसतात. ओळख लागते का, या प्रश्नाचं उत्तर खरं तर एवढंच आहे.

अमेरिकन सरकार वर्षाला सातशे अब्ज डॉलरहून अधिक किमतीची कंत्राटं देतं. त्यातला २३ टक्के पैसा लहान कंपन्यांकडे थेट जावा असं उद्दिष्ट आहे, आणि स्त्रियांच्या मालकीच्या कंपन्यांसाठी ५ टक्के. हे ५ टक्के १९९४ साली कायद्यात आले, आणि सरकारने ते पहिल्यांदा गाठायला २०१५ उजाडलं. बायकांच्या कंपन्या त्याआधी नव्हत्या असं कुणी म्हणू नये. कंपनी स्त्रीच्या मालकीची असल्याच्या प्रमाणपत्राचा मला फायदा झाला, आणि तो घेताना कधी संकोच वाटला नाही. पण ज्यांना वाटतं की प्रमाणपत्र म्हणजे काम, त्यांनी माझी अकरा प्रपोजलं आठवावीत. प्रमाणपत्राने रांगेत उभं राहता येतं. तिथून पुढे पुन्हा कागद.

रांगेतला एक घाव अजून भरलेला नाही. २०१६ मध्ये एका मोठ्या कंपनीने आम्हाला बोलावलं. मोठ्या कंत्राटात लहान कंपन्यांना वाटा द्यायचा असतो, म्हणून ते आपल्या प्रपोजलमध्ये आमचं नाव घालणार होते. करार झाला. आमची माहिती, आमचे दर, आमच्या पद्धती, सगळं मी लिहून दिलं. सहा आठवडे दुसरं काम घेतलं नाही. त्यांना कंत्राट मिळालं आणि त्यानंतर आमचे फोन उचलणंच बंद झालं. एकही खोकं आमच्याकडे आलं नाही. वकिलाने तो करार वाचला आणि पेनाने एक ओळ दाखवली: काम देण्याबद्दल दोन्ही पक्ष पुढे बोलणी करतील. व्हर्जिनियातल्या फेडरल न्यायालयाने २०१३ सालीच अशाच एका करारावर निकाल दिला होता, की पुढे करार करू असा करार बंधनकारक होत नाही. मी रडले ती पैशांसाठी नाही. बाबांची मुलगी असून मी ती ओळ वाचली होती आणि तरीही माणसाच्या बोलण्यावर विसंबले होते, हे मला सहन झालं नाही. आता अशा करारात किती खोकी, कोणत्या दराने, कधीपासून, हे लिहिलेलं नसेल तर मी सही करत नाही. त्यामुळे दोन कामं गेलीही आहेत.

पहिलं स्वतःचं कंत्राट लागलं ते २०१८ च्या सप्टेंबरमध्ये. इथलं सरकारी आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं आणि उरलेला पैसा त्याआधी कंत्राटांत बांधावा लागतो, म्हणून तो महिना आमच्या धंद्याची सुगी. एक पायाभूत वर्ष आणि पुढे चार वाढीव वर्षं, ज्यांना ऑप्शन म्हणतात. ते वाढवायचं की नाही हा हक्क फक्त सरकारचा. आम्ही नऊ माणसं झालो, दुसरा स्कॅनर कर्जावर घेतला. आणि बारा आठवड्यांनी, संसदेकडून खर्चाची मंजुरी न मिळाल्याने, सरकार बंद पडलं.

२१ डिसेंबर, शुक्रवार. संध्याकाळी काम थांबवण्याचं पत्र आलं. गोदामात चौदा खोकी अर्धवट पडली होती. मी अधिकाऱ्यांना फोन करून म्हणाले, निदान ही चौदा आम्ही पैसे न घेता पुरी करतो. ते म्हणाले, नाही, मला ते घेताच येणार नाही. मंजुरी नसताना कुणाची फुकट सेवाही सरकारने स्वीकारू नये, असा एकोणिसाव्या शतकातला कायदा आहे. तो बंद ३५ दिवस चालला, २५ जानेवारीपर्यंत. सरकारी नोकरांना त्या दिवसांचा पगार नंतर मिळाला, त्यासाठी २०१९ मध्ये कायमचा कायदाच झाला. कंत्राटदारांच्या माणसांना मिळाला नाही. त्याच इमारतीत, त्याच कागदांवर काम करणारी माणसं, पण हातावर पोट असलेल्यांचाच पगार गेला. हा अन्याय आहे असं मी तेव्हाही म्हणत होते, आणि २०२५ च्या शरदात सरकार पुन्हा ४३ दिवस बंद राहिलं तेव्हाही तेच म्हटलं. आमच्या भागाच्या खासदाराच्या कार्यालयाला मी दोन्ही वेळा पत्र लिहिलं, आणि दोन्हींची पोच माझ्याकडे आहे.

पहिले दोन आठवडे कंपनीच्या खात्यातून पगार दिले. पुढचे तीन घरावर कर्ज काढून, अर्धे. तिसऱ्या आठवड्यात माझी अडिस अबाबाची सहकारी गोदामात आली. मला वाटलं, उचल मागेल. ती म्हणाली, मला एक पत्र दे. माझी नोकरी गेलेली नाही, सरकार उघडलं की मी कामावर परतणार आहे, असं कंपनीच्या कागदावर लिहून सही कर. घरमालकाला बोललेलं पटत नाही, त्याला कागद पाहिजे. मी एकाची नऊ पत्रं केली. प्रत्येकावर त्या त्या माणसाचं नाव, रुजू झाल्याची तारीख, ताशी पगार. ते दर आमच्या भिंतीवर लावलेलेच असतात. १९६५ च्या सेवा-कंत्राट कायद्याखाली पिना काढणाऱ्या माणसाच्या कामालाही सरकारी यादीत स्वतःचं नाव आणि क्रमांक आहे, ०१०७०, आणि त्या कामासाठी ठरवलेल्या दरापेक्षा कमी पगार देता येत नाही. नऊपैकी आठ घरमालक थांबले. एकीला बहिणीकडे राहायला जावं लागलं. इतक्या वर्षांत मी लिहिलेल्या सगळ्या प्रपोजलांपेक्षा मला ती नऊ पत्रं जास्त महत्त्वाची वाटतात.

कंत्राट टिकवायचं म्हणजे काय, ते मात्र २०२० मध्ये कळलं.

सरकारी बाजूला दोन माणसं असतात. एक कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसर. सरकारच्या वतीने करार करण्याची मर्यादा किती, हे लिहिलेलं त्यांच्या नावाचं प्रमाणपत्र पहिल्या बैठकीत मी त्यांच्या खोलीत चौकटीत लावलेलं पाहिलं होतं. दुसरा त्यांचा प्रतिनिधी, कामावर रोज लक्ष ठेवणारा, ज्याच्याशी आपलं रोजचं बोलणं. आमचे प्रतिनिधी फार सज्जन गृहस्थ. निवृत्तीला आलेले, खोकी स्वतः मोजून द्यायचे. एक दिवस म्हणाले, तळघरात शेजारच्या विभागाची चाळीस खोकी सापडलीत, पाणी लागायला लागलंय, तेवढी घेऊन जाल का? मी हो म्हणाले. ओल्या कागदांची मला भीती वाटते. १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसजवळ सैनिकांच्या दफ्तराला आग लागली होती. सैनिकांच्या एक कोटी साठ ते ऐंशी लाख फायली गेल्या, दुसरी प्रत नव्हतीच. आजही म्हातारे सैनिक आणि त्यांच्या विधवा पेन्शनसाठी, लष्करी इतमामाच्या दफनासाठी सेवेचा पुरावा शोधत फिरतात, आणि पाण्याने भिजलेल्या त्या वेळच्या फायली अजून एकेक पान करून सोडवल्या जातात. कागद गेला की माणसाने केलेलं काम जातं. म्हणून मी हो म्हणाले, पंख्याखाली पानं वाळवली, चाळीसही खोकी नीट करून दिली.

बिल परत आलं. कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरनी विचारलं, "या चाळीस खोक्यांच्या बदलपत्राचा क्रमांक?" तो नव्हता. करारात बदल करण्याचा अधिकार फक्त त्यांचा. प्रतिनिधीने सांगितलं, मी केलं, काम उत्तम झालं, कुणाचंच त्याबद्दल दुमत नव्हतं, आणि तरीही कागदाच्या लेखी ते काम घडलंच नव्हतं. मागाहून मान्यता घेण्याची एक वाट असते, पण तीत त्या सज्जन माणसाला आपण अधिकाराबाहेर वागलो असं लेखी द्यावं लागलं असतं. मी बिल मागे घेतलं. पदरमोड सोसली. तो निर्णय धंद्याच्या दृष्टीने बरोबर होता का, मला आजही ठाऊक नाही. माणूस म्हणून मला तोच घ्यायचा होता.

त्यानंतर मी दुसरं कुठलंही शास्त्र न शिकता एक सवय लावून घेतली. सरकारी माणसाशी फोनवर बोलणं झालं की त्याच संध्याकाळी चार ओळींची ईमेल: आज आपलं असं बोलणं झालं, मला हे असं समजलं, हे करारात बसतं असं मी धरते, नसेल तर कळवा. प्रतिनिधीला, आणि त्याची प्रत कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरना. शिवाय टेबलावर एक जाड वही ठेवली. आवक, जावक, तारीख, वेळ. मुलगी म्हणते, सगळं कॉम्प्युटरमध्ये असतंच की. असतं. पण हाताने लिहिताना मी ते पुन्हा वाचते. त्या चार ओळींनी दोनदा मोठे घोटाळे टळले. आणि अधिकारी बदलले की नवा माणूस आमची फाईल उघडतो आणि त्याला कथा आयती मिळते. पाच वर्षांत आमचे तीन कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसर बदलले.

दरवर्षी सरकार आपल्या कामाचं प्रगतिपुस्तक लिहितं. त्यात पाच श्रेण्या असतात, आणि पुढची तीन वर्षं कुठलंही सरकारी कार्यालय ते उघडून बघू शकतं. पहिल्या वर्षी आम्हाला मधली मिळाली, समाधानकारक. शाळेत समाधानकारक म्हणजे काठावर पास, त्यामुळे मी खट्टू झाले. इथे तिचा अर्थ करारात लिहिलेलं सगळं केलं, एवढा असतो. शेरा लिहायला आपल्याला १४ दिवस मिळतात, मग ते प्रगतिपुस्तक सगळ्या सरकारी कार्यालयांना दिसायला लागतं. बरेच जण श्रेणी चांगली असली की काहीच लिहीत नाहीत. मी नेहमी लिहिते: किती खोकी, किती पानं, किती चुका परत आल्या, त्या किती दिवसांत दुरुस्त केल्या. दोन वर्षांनी श्रेणी वर गेली, आणि प्रतिनिधींच्या अभिप्रायात माझेच आकडे होते.

हे सगळं करूनही हमी काही नसते. सरकारला स्वतःच्या सोयीसाठी कुठलंही कंत्राट मध्येच संपवता येतं. युद्ध संपलं की तोफा नकोत, म्हणून यादवी युद्धाच्या काळापासून रुजलेला हा हक्क आज स्कॅनिंगलाही लागू आहे. २०२५ मध्ये आमच्या ओळखीच्या दोन कंपन्यांची चालू कामं अशी एका ईमेलने थांबली. त्यांची प्रगतिपुस्तकं आमच्याइतकीच चांगली होती. त्यांच्याकडे पाहून मला हायसं वाटलं नाही, भीतीच वाटली. अशा वेळी झालेल्या कामाचे आणि गुंडाळण्याच्या खर्चाचे पैसे मागता येतात, आणि तिथेही ज्याच्या वहीत नोंद त्यालाच ते लवकर मिळाले.

आता २०२३ च्या त्या दुपारचं सांगते, जेव्हा आमचंच कंत्राट पुन्हा स्पर्धेला निघालं होतं.

सरकारी कार्यालयांनी जुने कागद डिजिटल करावेत म्हणून घातलेली मुदत २०२२ च्या अखेरीवरून जून २०२४ वर ढकलली गेली होती, त्यामुळे स्कॅनिंगच्या धंद्यात नव्या कंपन्यांची झुंबड उडाली होती. आमचं पंचवीस पानी प्रपोजल तयार होतं. पैसे देऊन नेमलेल्या सल्लागाराने ते घासूनपुसून दिलं होतं. पाठवायच्या आदल्या दिवशी माझ्या मनात आलं, की हे अशा कुणीतरी वाचावं जिला प्रपोजलची भाषा येत नाही, पण काम येतं. मी ते अडिस अबाबाच्या माझ्या सहकारीपुढे ठेवलं. टेबलावरच्या पिना एका डब्यात लोटून, हात पुसून, तिने मोठ्याने वाचायला घेतलं. सावकाश, एकेक शब्द. सोळाव्या पानावर ती थांबली.

"प्रत्येक पान दोनदा तपासलं जातं," तिने पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "हे आपण करत नाही."

करत नव्हतो. पहिली तपासणी प्रत्येक पानाची, दुसरी दर दहातल्या एका पानाची. सल्लागाराने वाक्य जरा सोपं केलं होतं आणि माझ्या नजरेतून ते तीनदा सुटलं होतं. सरकारला खोटं सांगून पैसे घेतले तर तिप्पट भरपाई वसूल करणारा कायदा इथे आहे. मुळात तो १८६३ चा, यादवी युद्धात सैन्याला निकृष्ट माल पुरवणाऱ्यांसाठी केलेला. पण मला त्या क्षणी कायदा आठवला नाही. फोनवरच्या त्या थकलेल्या बाई आठवल्या, ज्या असं वाक्य शोधत शेवटपर्यंत वाचत गेल्या होत्या आणि ज्यांनी त्यावर विश्वास ठेवून आपल्या फाईलवर सही केली असती.

सल्लागार फोनवर म्हणाले, बाकीचे सगळे दोनदाच लिहिणार, तुमचे गुण जातील. मी वाक्य बदललं. प्रत्येक पान एकदा, दर दहातलं एक दुसऱ्यांदा, आणि त्या दहातल्या एकात चूक सापडली तर ते सगळं खोकं पहिल्यापासून. शेवटचा भाग आम्ही खरोखर करत होतो आणि तो लिहायचाच राहिला होता. तिनेच तो सांगितला. वाक्य दोन ओळींनी वाढलं, म्हणून कंपनीच्या परिचयातल्या दोन ओळी काढल्या.

दुसऱ्या दिवशी मुदत दुपारी दोनची होती. साडेअकराला पाठवलं. अकरा चौतीसला पोच आली. मी वही उघडली आणि लिहिलं: जावक, प्रपोजल, पंचवीस पानं, वाचून पाहिलं. सही केली, आणि वही तिच्यापुढे सरकवली. तिने अंगठ्याचा घट्टा सांभाळत पेन धरलं आणि माझ्या सहीखाली स्वतःची सही केली, अम्हारिकमध्ये.